ट्रान्समीटर आधी, विमान दिवाळीला

मित्राच्या मुलाने वहीच्या मधल्या पानावर हिशेब मांडला होता. वाळवा तालुक्यातलं गाव, कृष्णाकाठ, तिन्ही बाजूंनी ऊस. मुलगा पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला. सुट्टीत तालुक्याच्या गावी मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात काम करून त्याने बारा हजार साठवले होते, आणि तेवढ्यात रिमोटवरचं विमान उडवायचं होतं. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी कोल्हापुरातून त्याच्याकडे गेलो ते ही वही बघायला.

विमानाची बाजू त्याने नीट लावली होती. सनबोर्डचं हाय-विंग ट्रेनर, म्हणजे पंख वर असलेलं शिकाऊ विमान, २२१२ जातीची १००० केव्हीची मोटर, तिचा वेग सांभाळणारा ३० अँपियरचा ईएससी, पंख-शेपटीच्या पट्ट्या हलवणारे नऊ ग्रॅमचे चार सर्व्हो, २२०० एमएएचची तीन सेलची लिपो बॅटरी. मोटर आणि ईएससी ११००, सर्व्हो ५००, लिपो १७००, साधा चार्जर ४००, शीट, प्रॉप (पंखा), तारा, गोंद मिळून ५००. एकूण ४२००. म्हणजे हातातला ट्रान्समीटर आणि विमानात बसणारा रिसीव्हर यांना उरले ७८००. हे सगळे त्या आठवड्यातले भाव, शंभर-दोनशे इकडेतिकडे.

खाली तीन पर्याय होते. पहिला, कॉलेजच्या एका सीनियरकडचा जुना सहा चॅनेलचा, म्हणजे सहा वेगवेगळ्या आज्ञा पाठवणारा संच, १५०० रुपयांत. दुसरा, फ्लायस्कायचा एफएस-आय६, आयए६बी रिसीव्हरसकट ४८००. तिसऱ्यापुढे त्याने प्रश्नचिन्ह काढलं होतं: रेडिओमास्टर पॉकेट, ईएलआरएस (एक्स्प्रेसएलआरएस) या रेडिओ पद्धतीचा, ७३००, त्यात दोन १८६५० सेलचे ६०० आणि ईआर६ रिसीव्हरचे १९०० धरले की ९८००. बजेटच्या दोन हजार बाहेर.

दोनवर गोल करायचा हे मी घरातून निघतानाच ठरवलं होतं.

जुना संच

तो संच त्याने दाखवायला आणून ठेवला होता, म्हणून आधी तोच तपासला. स्क्रीन नाही. चॅनेल उलटे करायचे, मिक्सिंग लावायचं (एका स्टिकने दोन सर्व्हो चालवायचे), म्हणजे संगणकाला जोडायची खास केबल आणि त्याचं सॉफ्टवेअर हवं. केबल हरवलेली. तरी संच चालू होता, सर्व्हो हलत होते, आणि १५०० रुपयांत चालू वस्तू मिळतेय म्हटल्यावर कुणाचाही जीव अडकेल.

मी मोटरचा प्रॉप काढायला सांगितला. थ्रॉटल, म्हणजे मोटरचा वेग, अर्ध्यावर नेला आणि ट्रान्समीटर बंद केला. मोटर तशीच फिरत राहिली.

ही परीक्षा कुठल्याही संचाची पैसे देण्याआधी करावी. ट्रान्समीटरचा आवाज रिसीव्हरपर्यंत पोचेनासा झाला की रिसीव्हरने काय करायचं, हे आधी सांगून ठेवलेलं असतं. त्याला फेलसेफ म्हणतात. फेलसेफ लावलेला नसेल तर काही रिसीव्हर शेवटची आज्ञा धरून बसतात. अर्ध्या थ्रॉटलवर संपर्क तुटला तर विमान अर्ध्या थ्रॉटलवर बॅटरी संपेपर्यंत जाईल, खाली शाळा असो की यात्रा. या संचाचा फेलसेफ बदलायचा मार्ग त्या हरवलेल्या केबलमधून जात होता. मी तो संच पिशवीत घालून बाजूला ठेवला. पुढचं बोलणं पाच हजारांच्या वरच होणार, हे त्याच्याही लक्षात आलं.

चॅनेल मोजण्याचा मोह

एफएस-आय६चं फर्मवेअर बदललं की सहाचे दहा चॅनेल होतात, हे त्याने वहीत ठळक लिहिलं होतं. होतात, खरं आहे. पण ट्रेनरला लागतात चार: एलेरॉन (पंख झुकवायला), एलेव्हेटर (नाक वर-खाली), थ्रॉटल, रडर (नाक डावी-उजवीकडे). दोन्ही पंखांचे सर्व्हो वेगवेगळे चालवायचे तर पाच. फ्लॅप हवेत तर सहा. दहा चॅनेल कामी येतात ते विमान आपोआप सावरणारा फ्लाइट कंट्रोलर बसवला, कॅमेरा फिरवायचा झाला तर. शिकणाऱ्याने चॅनेल मोजू नयेत, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं.

वेगाचंही तसंच. ईएलआरएसची जाहिरात ५०० हर्ट्झने होते, म्हणजे सेकंदाला माहितीची पाचशे पाकिटं. रेसिंग ड्रोनवाल्याला त्याचा उपयोग आहे. सनबोर्डच्या ट्रेनरला नाही. उलट पाकिटं कमी केली की रिसीव्हरचे कान तिखट होतात: ५०० हर्ट्झला तो उणे १०५ डीबीएमपर्यंतचा सिग्नल ऐकतो, ५० हर्ट्झला उणे ११५ पर्यंतचा. डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप, उण्याचा आकडा मोठा तितका सिग्नल क्षीण. दहा डीबी म्हणजे दहापट क्षीण सिग्नल. आम्ही पुढे १५० हर्ट्झवर राहिलो.

बँडबद्दल एकच गोष्ट, कारण त्याने ९१५ मेगाहर्ट्झचे मोड्यूलही पाहून ठेवले होते. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झ विनापरवाना खुला आहे. ९१५ तसा नाही, तो मोबाईलच्या पट्ट्याला टेकलेला आहे. ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा अरुंद पट्टा तेवढा मोकळा. लांबचा पल्ला गाठायचाच नाही, विमान डोळ्यांसमोर ठेवायचं आहे, तर २.४ सोडून कुठे जायची गरज नाही.

२.४ने आम्हा जुन्या लोकांना काय दिलं हे त्याच्या पिढीला ठाऊक नाही. ७२ मेगाहर्ट्झच्या काळात प्रत्येकाच्या सेटमध्ये ठरावीक चॅनेलचा क्रिस्टल असायचा. मैदानावर एका फळीला कपड्यांचे चिमटे लावलेले, प्रत्येकावर चॅनेलचा नंबर. तुमचा चिमटा हातात आल्याशिवाय सेट चालू करायचा नाही. कुणी विसरून चालू केला की हवेतलं दुसऱ्याचं विमान गेलं. मी असं एक विमान जाताना पाहिलं आहे. महिनाभर बाल्सा घासून केलेलं होतं. आता बाइंड केलेला, म्हणजे जोडी जुळवलेला रिसीव्हर फक्त आपल्याच ट्रान्समीटरचं ऐकतो आणि दोघंही मिळून फ्रिक्वेन्सी बदलत राहतात. त्या फळीची आठवण आली की अजूनही हायसं वाटतं.

मी दोनवर का अडलो होतो

माझ्याकडे एफएस-आय६ आहे. त्याच्या मागे चार पिनांचं गोल पोर्ट असतं, तिथून दोन ट्रान्समीटर केबलने जोडता येतात. एक गुरूचा, एक शिष्याचा. माझ्या हातातला स्विच दाबलेला असेल तोवर विमान त्याचं. सोडला की माझं. पहिलं विमान वाचवण्याचा याहून चांगला उपाय मला माहीत नाही. शिवाय आयए६बी रिसीव्हर स्वस्त मिळतो, मेनू सोपा आहे, स्टिकची तीव्रता कमी करणारे एक्स्पो आणि ड्युअल रेट, एलेव्हॉन आणि व्ही-टेलची मिक्सिंग सगळं आहे, आणि चालू करताना थ्रॉटल वर असेल किंवा एखादा स्विच खाली असेल तर तो पुढे जाऊ देत नाही. फेलसेफ मेनूतूनच लावता येतो. चार पेन्सिल सेलवर चालतो. रिचार्ज होणारे सेल, त्यांचा चार्जर आणि सिम्युलेटरची (संगणकावरच्या सरावाची) केबल धरून बेरीज ६१०० होत होती. बजेटमध्ये बसून वर १७०० उरत होते.

मी हे सगळं सांगत असताना तो ऐकत होता. मग म्हणाला, "काका, तुम्ही दर रविवारी येणार काय?"

मी खरं तेच सांगितलं. महिन्यातून एकदा, फार तर दोनदा. एकीकडचे पन्नास किलोमीटर, आणि घरीही रविवारीच कामं निघतात.

म्हणजे केबल महिन्यातून एकदा कामाची. उरलेले तीन रविवार तो एकटा.

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी ट्रान्समीटरचं काही विचारलं नाही. म्हणाल्या, "ते उसात पडलं तर कोण हुडकणार?"

मी शिकलो त्या गायरानावर विमान पडलं तर उभ्या जागेवरून दिसायचं. इथे मित्राचं तीस गुंठ्यांचं रान तेवढं कापणीनंतर मोकळं, आणि बाकी चहूकडे अडसाली ऊस, माणसाच्या डोक्यावरून हातभर वर गेलेला. त्यात दीड मीटरचा पांढरा पंख शिरला की पाच पावलांवरूनही दिसत नाही. पाती अंग कापतात. संध्याकाळी या भागात उसात कुणी पाऊल टाकत नाही, बिबट्याचं भय आहे. सनबोर्डचं नुकसान शंभर रुपयांचं. पण मोटर, ईएससी, सर्व्हो, लिपो, रिसीव्हर मिळून चार-पाच हजार उसात राहतात, ऊसतोड येईपर्यंत.

त्या प्रश्नानंतर मी तिसऱ्या पर्यायाकडे नीट पाहिलं.

तिसरा पर्याय उघडून

पॉकेटमध्ये ईएलआरएसचा रेडिओ आतच आहे, २५० मिलिवॉटपर्यंतचा. रिसीव्हर आपल्याला मिळणाऱ्या सिग्नलची ताकद सतत परत कळवतो आणि ती ट्रान्समीटरच्या पडद्यावर डीबीएममध्ये दिसते. विमान उसात पडलं, बॅटरी जोडलेली राहिली, तर हा आकडा वाट दाखवतो. फ्लायस्कायच्या या रिसीव्हरलाही टेलिमेट्री आहे, पण पॉकेटवरच्या एजटीएक्स या सॉफ्टवेअरमध्ये हा आकडा बोलून दाखवता येतो, त्याच्यावर बीप लावता येतो. डोळे उसात आणि कान ट्रान्समीटरकडे ठेवता येतात. मला ही सोय त्या रानात सहा चॅनेलांपेक्षा मोलाची वाटली.

दुसरं, त्याच्या स्टिकमध्ये हॉल सेन्सर आहेत. चुंबकाच्या क्षेत्रावरून स्टिकची जागा मोजायची, घासणारा भाग नाही. एफएस-आय६मध्ये घासून चालणारे पोटेन्शिओमीटर आहेत, तेही वर्षानुवर्षं टिकतात, माझे टिकले आहेत. हा फरक मी निर्णायक धरला नाही. तिसरं, यूएसबी केबलने संगणकाला जोडला की तो थेट जॉयस्टिक होतो, वेगळा डोंगल लागत नाही.

उणी बाजूही वहीत लिहून घेतली. ईएलआरएसचा पॉकेट फ्लायस्कायच्या रिसीव्हरशी बोलत नाही. पॉकेटचा सीसी२५०० वाला प्रकार मिळतो, तोही नाही, कारण फ्लायस्कायची एएफएचडीएस २ए ही रेडिओ पद्धत वेगळ्या चिपवर, ए७१०५वर चालतो. सीसी२५००वर चालतात फ्रस्कायसारखे. म्हणजे माझ्या कपाटातले दोन आयए६बी त्याच्या काही कामाचे नव्हते, आणि माझी चार पिनांची केबलही पॉकेटमध्ये बसणार नव्हती. बजेट ट्रान्समीटर घेताना लोक डब्याची किंमत बघतात. पुढच्या पाच वर्षांत प्रत्येक विमानात एक रिसीव्हर जातो, आणि ट्रान्समीटर घेतला त्या दिवशी त्या सगळ्यांचं घराणं ठरून जातं.

एजटीएक्स शिकायलाही वेळ लागतो. इनपुट वेगळे, मिक्स वेगळे, आउटपुट वेगळे. दुकानातून आणला आणि संध्याकाळी उडवला असं होत नाही. पण दिवसभर मोबाईलचे बोर्ड उघडणाऱ्या मुलाला मेनूची भीती नव्हती.

राहिले पैसे. इथे पावसाने मदत केली. जून तोंडावर आला होता. कृष्णाकाठी जून ते सप्टेंबर विमान उडवण्याचा प्रश्नच नाही, रानात चिखल आणि वर वारा. मग बारा हजारांची सगळी खरेदी मेमध्येच कशासाठी? पॉकेट आणि सेल, ७९००, आत्ता घ्यायचे. पावसाळाभर सिम्युलेटर. उरलेले ४१०० आणि गणपतीच्या सुट्टीत दुकानातून मिळतील ते, यात रिसीव्हर आणि विमान दिवाळीपर्यंत उभं करायचं. त्याने वहीत खाली तारखा टाकल्या. वहिनींनी ती पानं फाडायची नाहीत म्हणून बजावलं.

पावसाळा

पिकासिम हा सिम्युलेटर मोफत आहे आणि जुन्या लॅपटॉपवर चालतो. मी त्याला एकच काम दिलं: रोज वीस मिनिटं, विमान स्वतःकडे येत असताना वळवायचं. ट्रान्समीटर कुठलाही असो, नवखा माणूस तिथेच फसतो. विमान दूर जाताना उजवी स्टिक उजवीकडे नेली की ते उजवीकडे जातं. तोंड आपल्याकडे असताना तीच स्टिक त्याला आपल्या डावीकडे नेते. जो पंख खाली झुकला त्याच्या बाजूला स्टिक न्यायची, म्हणजे तो पंख उचलला जातो. हे डोक्यात ठेवून जमत नाही, बोटांत उतरावं लागतं. ऑगस्टमध्ये त्याने फोन करून सांगितलं की सलग दहा लँडिंग पट्टीवर झाली.

मोड २ वर तो शिकला, थ्रॉटल डावीकडे. आजकाल बहुतेक मैदानांवर तोच चालतो, त्यामुळे उद्या कुणीही त्याच्या हातातून ट्रान्समीटर घेऊन विमान उतरवून देऊ शकेल.

टेबलावरचे दोन अडथळे

ऑक्टोबरमध्ये रिसीव्हर आला. बाइंड होईना. ईएलआरएसमध्ये बाइंडिंग फ्रेज असते, दोन्हीकडे तंतोतंत तीच लागते, अक्षर लहान-मोठं झालं तरी चालत नाही. त्याने एका बाजूला पहिलं अक्षर मोठं टाकलं होतं. फर्मवेअरचा मुख्य आकडाही दोन्हीकडे सारखा लागतो. २ आणि ३ एकमेकांशी बोलत नाहीत. ते इथे सारखे होते.

दुसरा अडथळा जास्त महत्त्वाचा. त्याने दुसरा एलेरॉन पाचव्या चॅनेलवर लावला. स्टिक हळू नेली तर एक पंख हळू हलायचा आणि दुसरा खटकन या टोकाला नाहीतर त्या टोकाला. त्याला वाटलं सर्व्हो गेला, त्याने दुसरा लावला, तेच. त्याने व्हिडिओ पाठवला तेव्हा मी आधी चॅनेलचा नंबर विचारला. ईएलआरएसच्या नेहमीच्या मोडमध्ये पाचवा चॅनेल चालू-बंद एवढंच कळवतो, तो ड्रोनच्या आर्म स्विचसाठी (मोटर सुरू व्हायची मुभा देणाऱ्या) राखलेला आहे. मधलं काही त्यातून जात नाही. एलेरॉन सहावर नेला आणि प्रश्न मिटला. ही गोष्ट टेबलावर कळली. हातातून सोडल्यावर कळली असती तर विमान जाग्यावर लोळलं असतं. फ्लायस्कायकडून ईएलआरएसकडे येणाऱ्या प्रत्येकाने हा पाचवा चॅनेल लक्षात ठेवावा.

फेलसेफला या रिसीव्हरच्या वेबपानावर तीन वाटा मिळतात: ठरावीक जागा, शेवटची जागा, किंवा पल्सच, म्हणजे त्या चॅनेलचा संकेतच, बंद. आम्ही थ्रॉटलला पल्स बंद निवडलं. मोटर तर थांबतेच, शिवाय सिग्नल नाही म्हणून आमचा ईएससी मोटरमधूनच बीप द्यायला लागतो, ती उसात ऐकू येते. प्रॉप काढून तीनदा पाहिलं. मग थ्रॉटल कटसाठी एका स्विचवर स्पेशल फंक्शन लावलं, तो स्विच ओढला की चॅनेल तीन खालीच राहतो. हातात विमान धरून उभं असताना बाही स्टिकला लागली तरी बोटं वाचतात.

उडवण्याआधी सरकारचा ड्रोन नकाशा पाहिला. ड्रोन नियम २०२१ मध्ये मॉडेलची व्याख्या आहे: २५ किलोपर्यंत, शिक्षण-संशोधन-हौसेसाठी, आणि डोळ्यांच्या टप्प्यात. गाव हिरव्या पट्ट्यात होतं, ४०० फुटांची मर्यादा. ट्रेनरला शंभर फूट पुष्कळ.

भाऊबीजेनंतरचा रविवार

ट्रान्समीटरची शक्ती सर्वांत खालच्या पायरीवर आणून तो बांधावरून पन्नास पावलं चालत गेला, चारही सर्व्हो हलवत. लिंक क्वालिटी, म्हणजे शंभरातली किती पाकिटं पोचतात तो आकडा, शंभराखाली आली नाही. अँटेनाचं टोक विमानाकडे रोखायचं नाही, टोकाकडे सिग्नल सगळ्यात कमी असतो, हे त्याला सवयीचं व्हावं म्हणून मी मुद्दाम उलट धरून आकडा पडताना दाखवला.

पहिलं उड्डाण मी हातातून सोडलं. त्याने तीन ट्रिम दिले आणि चार मिनिटं डावी चक्करं मारून उतरवलं. सिम्युलेटरचे चार महिने बोटांत दिसत होते. दुसऱ्या उड्डाणात विमान उन्हाच्या रेघेत गेलं, बाहेर आलं तेव्हा तोंड कुठे आहे हे त्याला कळलं नाही. त्याने ठरल्याप्रमाणे थ्रॉटल तोडला. विमान शांतपणे तरंगत शेजारच्या उसात गेलं, दीडशे मीटरवर असेल. पाती हलली आणि बंद झाली.

मला केबलची आठवण झाली. ती असती तर मी वाचवलं असतं.

त्याने ट्रान्समीटर बंद केला नाही, हे मी आधीच बजावलं होतं. आकडा उणे ९४. शक्ती आपोआप कमीजास्त करणारी सोय बंद करून एकाच पायरीवर धरली, नाहीतर आकड्याला अर्थ राहत नाही. मग ट्रान्समीटर छातीशी धरून तो जाग्यावर हळूहळू फिरला. २.४ गिगाहर्ट्झला माणसाचं अंग आडवं येतं. पाठ विमानाकडे झाली की आकडा पडतो. उणे १०३ला पडला तेव्हा त्याच्या पाठीमागे जी दिशा होती ती धरली. बांधाबांधाने गेलो. उणे ८८. दुसऱ्या बांधावरून पुन्हा तसंच फिरून पाहिलं, दोन दिशा एकमेकींना कुठे छेदतात ते कळलं. तिथे सरी धरून आत शिरलो, शर्टाच्या बाह्या खाली करून. उणे ७०, ६१, ५२. मग ट्रान्समीटर बंद केला आणि मोटरची बीप ऐकू आली, उजव्या हाताच्या दुसऱ्या सरीत. पाचटावर पोट टेकून बसलं होतं. एका पंखाचं टोक मोडलं होतं, बाकी शाबूत. सगळं मिळून बावीस मिनिटं.

शेतमालकांना सांगून मगच आत गेलो होतो. एकही कांडं मोडलं नाही हे ते बांधावरून बघत होते.

त्याच जूनमध्ये कोल्हापुरातल्या माझ्या भाचीने हाच प्रश्न विचारला होता. तेवढंच बजेट, तेवढीच हौस. तिला मी एफएस-आय६ घ्यायला लावला. ती मैदानापासून दहा मिनिटांवर राहते, दर रविवारी माझ्यासोबत असते, तिथे गवत घोट्याएवढं आहे आणि माझे दोन्ही आयए६बी तिच्या विमानांत बसले. केबलवर ती सहाव्या रविवारी एकटी उतरवू लागली.

तो सध्या दुसरा ईआर६ घेण्याच्या विचारात आहे. पंखाचं टोक ब्राऊन टेपने जोडलंय, आणि वहीत एक नवा रकाना आला आहे: कुठल्या बांधावर उभं राहिलं की किती डीबीएम.